डब्लिनच्या आभाळातून पडलेले कागद

श्रोतेहो, नमस्कार.

३० जून १९२२, शुक्रवारची दुपार. साडेबाराचा सुमार असेल. आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये, लिफी नदीच्या उत्तर काठावर एक प्रचंड स्फोट झाला. धुराचा काळा खांब उभा राहिला, आणि थोड्या वेळाने शहरावर कागद पडायला लागले. रस्त्यावर, छपरांवर, नदीच्या पाण्यात. काही करपलेले, काही अर्धेमुर्धे, काही धड. वाऱ्याबरोबर ते पार हाउथपर्यंत गेले. हाउथ म्हणजे समुद्राकाठचं गाव, शहरापासून दहा किलोमीटरच्याही पलीकडे. लोकांनी वाकून उचलले, तर हातात शेकडो वर्षांपूर्वीचे सरकारी दस्त!

आज मला त्या कागदांबद्दल बोलायचंय. आणि ज्या इमारतीतून ते उडाले, त्या इमारतीबद्दल.

आधी एक कबुली. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरीची बरीच वर्षं एका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस. लाल रुमालात बांधलेली दप्तरं, त्यांवरची धूळ, कसर, आणि खिडकीपलीकडे नकलेचा अर्ज हातात धरून उभा असलेला माणूस, हे माझं जग. त्यामुळे कुठे जाळपोळ झाली, सरकारी इमारत पेटली अशी बातमी आली की लोक विचारतात, माणसं किती गेली? मीही विचारतो. पण पाठोपाठ माझ्या मनात येतं, आत दप्तर कुठलं होतं?

डब्लिनच्या या इमारतीचं नाव फोर कोर्ट्स. आयर्लंडची चार मोठी न्यायालयं तिथे बसत, म्हणून चार कोर्टं. नाव अगदी आपल्या पेठेतल्या वाड्याला द्यावं तसं सरळ. टॉमस कूली यांनी १७७६ मध्ये काम सुरू केलं, ते वारल्यावर जेम्स गँडन यांनी हाती घेतलं आणि १८०२ मध्ये पुरं केलं. मधोमध भलामोठा घुमट, पुढे खांबांची ओळ, माथ्यावर मोझेसचा पुतळा. चित्रात पाहिलात तर कायदा म्हणजे काय दणदणीत गोष्ट आहे, असं वाटावं अशी वास्तू.

आपली गोष्ट मात्र त्या घुमटाखाली घडत नाही. ती घडते त्याच आवारात, पश्चिमेच्या बाजूला. १८६७ मध्ये कायदा झाला आणि तिथे आयर्लंडचं सरकारी अभिलेखागार उभं राहिलं. त्याचे दोन भाग होते. पुढे वाचकांना बसायची, कागद मागवून बघायची जागा. मागे भांडार. हे भांडार सहा मजली, लोखंडी सज्जे, वरून उजेड यावा म्हणून काचेचं छप्पर. तेराव्या शतकापासूनचे कागद तिथे रचलेले. आणि बांधणाऱ्यांनी एक शहाणपण केलं होतं. वाचनगृहात माणसं येणार, दिवे, शेगड्या असणार. तिथे आग लागली तर ती मागच्या भांडारात पोचू नये म्हणून दोहोंमध्ये आग अडवणारी मोकळी जागा ठेवली होती. हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता ही इमारत लढाईत कशी सापडली, ते थोडक्यात. आयर्लंड हा आपल्या जुन्या पिढीच्या ओळखीचा देश. टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, तो 'होमरूल' शब्द आयरिश चळवळीतूनच आला होता. तर या देशाने ब्रिटिशांशी लढून डिसेंबर १९२१ मध्ये तह मिळवला. पण अर्धवट. उत्तरेचे सहा परगणे वेगळे राहिले आणि लोकप्रतिनिधींनी इंग्लंडच्या राजाशी इमान राखायची शपथ घ्यायची होती. आयरिश संसदेत तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला, आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं दोन बाजूंना उभी राहिली. मायकेल कॉलिन्स तहाच्या बाजूने, सरकारात. रोरी ओकॉनर आणि त्यांचे साथी विरोधात. १४ एप्रिल १९२२ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, या विरोधी गटाने फोर कोर्ट्सचा ताबा घेतला. दीडशे-दोनशे माणसं. अडीच महिने ती आत होती, आणि कॉलिन्स टाळाटाळ करत होते. कारण उघड होतं, आतली माणसं कालची आपलीच होती.

या अडीच महिन्यांत भांडाराचं काय झालं? जाड भिंती, लोखंडी मजले, एका अंगाला असलेली भक्कम जागा. बंडखोरांनी तिथे दारूगोळा ठेवला, सुरुंग बनवायला घेतले. आणि खिडक्यांना आडोसा हवा, तर हाताशी काय होतं? जाडजूड चोपड्या. त्यांची चवड रचून खिडक्या बंद केल्या. खरं सांगायचं तर चामडी बांधणीची हजार पानांची वही गोळी बऱ्यापैकी अडवते. मलाही वाईट वाटतं, पण जिवावर बेतलेल्या माणसाला हातातली वही कोणत्या शतकातली आहे, हे विचारायला सुचत नाही.

जूनच्या अखेरीस गोष्टी एकदम हातघाईवर आल्या. लंडनमध्ये ब्रिटिश फील्ड मार्शल सर हेन्री विल्सन यांचा खून झाला, ब्रिटिश सरकारने कॉलिन्सवर दबाव आणला. त्यातच फोर कोर्ट्सवाल्यांनी सरकारी सैन्यातला एक सेनापती पळवून नेला. २८ तारखेला पहाटे नदीपलीकडून तोफा सुरू झाल्या. तोफा ब्रिटिशांकडून मागून आणलेल्या. म्हणजे आयरिश सरकार, ब्रिटिश तोफा आणि समोर आयरिश माणसं. तीन दिवस मारा चालला. सरकारी सैनिक अभिलेखागारात शिरलेही होते. ३० ला आतल्या इमारती पेटलेल्या असताना तो स्फोट झाला, डझनांनी सैनिक जखमी झाले, आणि दुपारनंतर बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली.

स्फोट कुणी केला? सरकार म्हणालं, बंडखोरांनी सुरुंग लावून मुद्दाम उडवलं. बंडखोर म्हणाले, तुमच्या तोफांनी लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोचली. शंभर वर्षं झाली, वाद अजून मिटलेला नाही. माझं स्वतःचं मत विचाराल, तर रेकॉर्ड रूममध्ये स्फोटकं ठेवणारा आणि हे माहीत असताना त्यावर तोफा डागणारा, दोघांची नावं एकाच पंचनाम्यात लिहावीत.

आणि ती आग अडवायला ठेवलेली मोकळी जागा? तिने आपलं काम चोख केलं, फक्त उलट्या दिशेने. भांडार जळून खाक झालं आणि पुढचं वाचनगृह वाचलं. जे मोजके कागद कुणाच्या तरी अर्जासाठी भांडारातून काढून पुढे आणलेले होते, ते राहिले. रांगेत लागलेले वाचले, जागेवर नीट ठेवलेले गेले.

गेलं काय काय, ते ऐका. मध्ययुगापासूनची न्यायालयांची दप्तरं. मृत्युपत्रांचे गठ्ठे. पण मला सगळ्यात जास्त टोचते ती खानेसुमारी. १८२१, ३१, ४१ आणि ५१ या चार खानेसुमारींचे घरोघरचे मूळ तक्ते तिथे होते. काही थोडे तुकडे सोडले तर सगळे गेले.

आता या सालांकडे जरा नीट बघा. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. १८४१ ची खानेसुमारी ही दुष्काळाच्या आधीची, १८५१ ची नंतरची. ४१ मध्ये देशाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती, ५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. हे आकडे आपल्याला माहीत आहेत, कारण बेरजा छापून झाल्या होत्या. जळाली ती नावं. १८५१ च्या तक्त्यात तर एक खास रकाना होता. मागच्या खानेसुमारीनंतर या घरातलं कोण वारलं, वय काय होतं, कोणत्या साली, कोणत्या ऋतूत, कशाने. म्हणजे गणनेचा माणूस दारात उभा राहून विचारतोय आणि उरलेली आई सांगतेय. लाखो भूकबळींची घरवार, नावनिशीवार यादी, त्यांच्याच माणसांच्या तोंडून लिहून घेतलेली. अशी यादी जगात क्वचित कुठे झाली असेल. ती त्या शुक्रवारी धूर होऊन वर गेली.

पण इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या जुन्या खात्यावर मी पांघरूण घातल्यासारखं होईल. १८६१ आणि ७१ च्या खानेसुमारीचे तक्ते कुणी जाळले? कुणी बंडखोरांनी नव्हे. काम झाल्यावर सरकारनेच हुकूम काढून नष्ट केले. आणि १८८१, ९१ चे? पहिल्या महायुद्धात कागदाचा तुटवडा पडला, तेव्हा सरकारनेच लगद्याला घातले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या आठ खानेसुमारींपैकी चार दंग्यात गेल्या, चार टेबलावर बसून सही-शिक्क्यानिशी गेल्या. आज आयर्लंडात कुणालाही विचारा, बोट फोर कोर्ट्सकडेच जातं. स्फोटाचा आवाज होतो हो, रद्दीच्या हुकुमाचा होत नाही.

दुसरा किस्सा चर्चच्या वह्यांचा. जन्म, लग्न, मरण यांच्या नोंदी चर्चमध्ये होत. प्रोटेस्टंट चर्चच्या जुन्या वह्या कायद्याने सरकारी अभिलेख ठरल्या आणि सांगण्यात आलं, या गावोगावी पडून राहिल्या तर खराब होतील, डब्लिनला सुरक्षित भांडारात पाठवा. ज्या पाद्रीबुवांकडे चांगली तिजोरी होती त्यांना वह्या स्वतःकडे ठेवायची मुभा मिळाली. बाकीच्यांनी इमानेइतबारे पाठवल्या. शेकडो गावांच्या वह्या अशा जळाल्या. आणि कॅथलिक चर्चच्या वह्यांना तो कायदा लागूच नव्हता. त्या आपल्या गावच्या दमट कपाटांत पडून राहिल्या, आणि वाचल्या. रेकॉर्डचं केंद्रीकरण, सुरक्षित साठवण वगैरे परिपत्रकं मी नोकरीत ढिगाने वाचली. प्रत्येक वेळी मला ते पाद्री आठवायचे.

आपल्याकडेही चिडलेल्या लोकांनी कागद जाळल्याचा मोठा प्रसंग आहे. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. आठवडी बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. मागणी एकच, आमचे रोखे, आमची खतं बाहेर काढा. मिळाली की होळी. तो वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला, पण माणसांच्या जिवाला फारसा धक्का लागला नाही. कारण राग नेमका कशावर आहे, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. पुढे १८७९ मध्ये कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने करून दिलेले रोखे गावच्या निबंधकासमोरच लिहायचे, असं ठरलं. कागद जाळले, त्यातून आणखी चोख कागद निघाले.

डब्लिनमध्येही असं ठरवून जाळलेलं होतंच. फोर कोर्ट्सच्या साधारण वर्षभर आधी, २५ मे १९२१ ला, स्वातंत्र्यसैनिकांनी त्याच नदीकाठचं कस्टम हाउस पेटवलं. तेही गँडन यांनीच बांधलेलं. तिथे ब्रिटिश कारभाराची दप्तरं होती, ती गेली की कारभार लंगडा होईल, असा सरळ हिशोब होता. पटो न पटो, हिशोब होता. फोर कोर्ट्सच्या भांडारावर मात्र कुणाचाच राग नव्हता. कुणी ते जाळायला आलं नव्हतं, कुणी वाचवायलाही थांबलं नाही. ते मध्ये आलं, इतकंच.

चर्चिल तेव्हा ब्रिटिश मंत्री होते. त्यांनी कॉलिन्सना पत्रातून कळवलं की फोर कोर्ट्सचं दप्तर विखुरलं असेल, पण आयर्लंडच्या मालकीहक्काचे कागद शाबूत आहेत. म्हणजे राज्य वाचलं. वाक्य झोकदार आहे. आयुष्यात कधी नकलेच्या खिडकीसमोर उभं राहावं न लागलेल्या माणसाला अशी वाक्यं छान सुचतात.

पुढचं झटपट सांगतो. कॉलिन्स त्याच वर्षी २२ ऑगस्टला गोळीला बळी पडले. ओकॉनर यांना ८ डिसेंबरला तीन साथीदारांसह गोळ्या घालण्यात आल्या. ज्या मंत्र्यांनी त्या शिक्षेला संमती दिली, त्यांत केविन ओहिगिन्स होते. वर्षभरापूर्वी त्यांच्याच लग्नात ओकॉनर नवरदेवाचे पाठराखे होते. आणि इमारत? ती पुन्हा उभी राहिली. दहा वर्षांत, १९३२ पर्यंत, घुमट, खांब, सगळं. आजही तिथे न्यायालयं भरतात.

कागदांचं तसं झालं नाही. सरकारने लोकांना आवाहन केलं, सापडलेले कागद परत आणून द्या. लोकांनी बरेच दिलेही. ढिगाऱ्यातून उकरून जे निघालं ते आणि हे मिळून सुमारे २५ हजार पानं. ती खाकी कागदात गुंडाळली, सुतळीने बांधली, आणि तशीच ठेवून दिली. कितीतरी दशकं ती पुडकी कुणी सोडली नाहीत. ऐकायला विचित्र वाटेल, मला अजिबात वाटलं नाही. आगीतलं चर्मपत्र आक्रसतं, मुडपतं, वाळलेल्या फणसपोळीसारखं कडक होतं. उलगडायला जावं तर तडकतं. त्याला आधी हळूहळू दमट हवा द्यावी लागते, मग दाबाखाली दिवसच्या दिवस सपाट करावं लागतं. हे काम आता अलीकडे डब्लिनमध्ये हाती घेतलं गेलंय. शिवाय ट्रिनिटी कॉलेजातल्या इतिहासकारांनी पीटर क्रूक्स यांच्या पुढाकाराने निराळाच उद्योग केला. जळालेल्या कागदांच्या नकला कुणी ना कुणी, कधी ना कधी केल्याच असतील, त्या जगभरातून गोळा करायच्या. यादी होती. भांडाराचे अधिकारी हर्बर्ट वूड यांनी १९१९ मध्ये, म्हणजे आगीच्या फक्त तीन वर्षं आधी, आत काय काय आहे याची सूची छापली होती. बिचाऱ्यांनी वाचकांच्या सोयीसाठी केली, ती झाली नुकसानीची यादी. तीच हाती धरून शोध सुरू झाला आणि २०२२ च्या जूनमध्ये, आगीला शंभर वर्षं होताना, ते भांडार इंटरनेटवर पुन्हा उघडलं. जितकं जमलं तितकं.

या सगळ्या नकलांमध्ये एक प्रकार मला फार जवळचा वाटतो, आणि तेवढं सांगून थांबतो.

१९०८ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. सत्तरीच्या पुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग. आता सत्तर झाली हे सिद्ध कसं करायचं? आयर्लंडात सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ ला. मग म्हातारे सांगायचे, मोठं वारं सुटलं ती रात्र मला आठवते. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री देशभर भयंकर वादळ झालं होतं, तेच हे मोठं वारं. माझ्या खिडकीशी म्हातारी माणसं म्हणायची, प्लेगच्या साली जन्मलो, मोठ्या दुष्काळात बाप वारला. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद हवी असायची, कोतवाल बुकात बघा म्हणायची. मी बघायचो. बऱ्याचदा शेरा मारावा लागायचा, सदर नोंद आढळून येत नाही.

डब्लिनच्या कारकुनांनीही बघितलं. पेन्शनच्या अर्जदाराने आई-बापाचं नाव, गाव, परगणा लिहून पाठवायचा, आणि कारकुनाने भांडारात जाऊन १८४१ किंवा ५१ च्या खानेसुमारीत ते घर हुडकायचं. सापडलं तर अर्जाच्या कागदावरच घरातली नावं आणि वयं उतरवून घ्यायची. अशी हजारो घरं उतरवली गेली. ते अर्ज उरले. खानेसुमारीचं घरचं पान जळून गेलं, तरी पाच शिलिंगांसाठी भरलेल्या अर्जावर ते घर अजून आहे. बापाचं नाव, आईचं नाव, खाली पोरं ओळीने, आणि शेवटी शेंडेफळ, जी म्हातारी पेन्शन मागतेय ती. तिच्यापुढे कारकुनाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वय वर्षं दोन.

नमस्कार.